खालच्या खाचराची लावणी

ताम्हिणी, १४ जुलै

प्रिय आई, सप्रेम जय भीम.

डोळ्याची पट्टी अजून निघाली नसेल, तर हे पत्र मोनिकाकडून वाचून घे.

खालच्या खाचरात भाताची लावणी झाली. तू नसताना सावडीला कोण येईल, ही काळजी सोड. सावडीच्या रीतीनं मी आधी सगळ्यांच्या लावणीला जाऊन आले होते, म्हणजे त्यांनी आपल्याकडे यायचं, पण माझा हात सावकाश, म्हणून बोलवायलाच संकोच वाटत होता. तरी आज सगळ्या आल्या.

सगळ्या कशा काय आल्या, असं इंदूमावशीला विचारलं, तर म्हणाली, "निम्म्या तुज्या आईसाठी आल्यात. निम्म्या, तू रोपं लावतीस का पुरतीस ते बगायला."

वरचा बांध जरा खचलाय, दगड लावलेत. कंबर फार दुखत नाही. मोनिका थेंब वेळेवर घालते ना?

बरी होऊन आलीस की आधी खाचर बघ. वाकड्या ओळी माझ्या.

तुझी,
दीपमाला