आधी हाक, मग पाऊल

४ मार्च
आईने साफ सांगितलं, "बाहेरच्या बाहेर भेटा. घरी आणायचं नाही." म्हणजे काय? लग्न करायचंय मला, चोरी नाही! लंबूचं नाव ऐकून आधी हसली होती. आम्ही कामाला आहोत त्या दुकानात फ्रेमचं लाकूड तो कापतो, खिळे मी ठोकते, हे तिला ठाऊकच आहे. मग बाबांच्या खोलीकडे बघून हे फर्मान काढलं.

५ मार्च
मामाचं आठवतंय तिला. मलाही. बाबा युद्धावरून परतले त्याच वर्षी मामाने मागून येऊन लाडाने त्यांच्या मानेवर हात टाकला — आणि पुढच्या क्षणी मामा जमिनीवर, बाबांचा गुडघा त्याच्या छातीवर! मी टेबलाखाली जाऊन बसले होते. आई नावाने हाका मारत राहिली तेव्हा कुठे बाबा भानावर आले. मामा पुन्हा घराकडे फिरकला नाही. बाबा डॉक्टरकडे गेले नाहीत. "मला काय धाड भरलीये?"

तेव्हापासून घरात कुठल्याही दारात पाय टाकण्याआधी "मीच!" म्हणायचं. स्वयंपाकघरात जाताना, अंघोळीहून येताना, सगळीकडे. तोंडात इतकं बसलंय की एकदा बँकेत शिरतानाही म्हणाले. कॅशियर खो खो हसला.

८ मार्च
लंबूला सगळं सांगून टाकलं. नियम पाठ करून घेतले. बाबांच्या मागून यायचं नाही. कप आपटायचा नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. "श्वास घेतला तर चालेल?" म्हणाला. मेला! मला रडू फुटलं तेव्हा सगळे नियम पहिल्यापासून म्हणून दाखवले.

१५ मार्च
आईला कसंबसं पटवलं आणि आज लंबू घरी आला होता! दारातूनच ओरडला, "मीच!" बाबा म्हणाले, "या घरातले 'मीच' मला माहीत आहेत. तू कोण?" आईचा चेहरा पांढराफटक.

चहा होईपर्यंत बरं चाललं होतं. मग गल्लीत ट्रकचं मागचं फाळकं धाडकन आदळलं. बाबांचा चहा मांडीवर सांडला, त्यांना कळलंही नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, नजर दारावर. दाराशेजारच्याच खुर्चीत लंबू! मला वाटलं, संपलं सगळं. तो जागचा हलला नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाला, "काका, ट्रकचं फाळकं पडलं." बऱ्याच वेळाने बाबा "हं" म्हणाले आणि खाली बसले.

तो गेल्यावर म्हणाले, "पोरगा उतावळा नाही." आमच्या बाबांकडून हे म्हणजे पदकच! माझा जीव भांड्यात पडला. आई चक्क गुणगुणत भांडी घासत होती.

१९ मार्च
तारीख ठरली. दुकानात सगळे चिडवतात. आवडतंय मला.

२३ मार्च
लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

मोठ्या आरशाची फ्रेम ठोकत होते. लंबूने मागून येऊन माझे डोळे झाकले — "ओळख पाहू!" पुढचं मला आठवत नाही. खरंच नाही! भानावर आले तेव्हा मी टेबलाखाली होते, हातोडी मुठीत. समोर तो भुवई दाबून बसलेला. बोटांमधून रक्त येत होतं. मालक ओरडत होते.

टाके पडले. जरा खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. "तू तर कधी युद्धावर गेली नव्हतीस," एवढंच म्हणाला. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

इतकी वर्षं मी बाबांना घाबरले. आता माझीच भीती वाटतेय. त्याच्याशेजारी झोपायचं कसं मी? लग्न नको म्हणून सांगू का? आईला सगळं सांगितलं. भिंतीपलीकडे बाबांचा खोकला थांबला, म्हणजे त्यांनीही ऐकलं असणार. मी जेवले नाही.

२४ मार्च
सकाळी बाबा बूट घालून तयार! माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ऊठ. डॉक्टरकडे आपल्या दोघांचा नंबर लावलाय."