तुफानला वळण लावताना

सोमवार, ४ मार्च
मॅडमनी प्रयोगशाळेतली उंदरांची खोली माझ्यावर सोपवली. महिनाभर नीट सांभाळली तर कायम करणार. दाजींनी बजावलं, ही पाचवी नोकरी, आता तरी एका जागी टिक. टिकणारच.
काचेमागे दिवा लागला की उंदराने भोकात नाक खुपसायचं, मग खाऊची गोळी. तिसऱ्या पिंजऱ्यातला दिव्याच्या आधीच खुपसतो. क्षणभर बसत नाही. नाव ठेवलं तुफान. आधीच्या माणसाने लाडावलेला दिसतो. सरळ करतो.

बुधवार, ६ मार्च
तुफान चावला. मायेचा स्पर्श हवा म्हणून हातमोजे काढले होते. रक्त कोपरापर्यंत. धनुर्वाताचं इंजेक्शन. कंपाउंडरने ‘धनुरवात’ लिहिलं होतं, दुरुस्त करून दिलं.

गुरुवार, ७ मार्च
पुन्हा चावला. त्याच बोटाला, त्याच जागी. म्हणजे लक्ष लागतंय. प्रगती.

रविवार, १० मार्च
चार बोटांना पट्ट्या. ताई रडली. दाजी म्हणाले, उंदीर तुला माणसाळवतायत वाटतं. मी पट्ट्या बदलत राहिलो. संयम.

सोमवार, ११ मार्च
दारावर सूचना आहे : अनोळखी नर एकत्र ठेवू नयेत. ती बिनशिस्त उंदरांसाठी असणार. पाचव्या पिंजऱ्यातल्या उंदराला मी गुरुजी म्हणतो; ते दिवा लागेपर्यंत मिशीही हलवत नाहीत. तुफानला चांगली संगत हवी. उद्याच.

मंगळवार, १२ मार्च, सकाळी
तुफानला गुरुजींकडे सोडला. गुरुजी शांत.

त्याच दिवशी, दुपारी
गुरुजींनी आधी तुफानचा कान तोडला, मग मान धरली. काच लाल. सोडवायला हात घातला, तर माझा अंगठा नखासकट फोडला. हात झटकला. गुरुजी भिंतीवर आदळले, परत हलले नाहीत. तुफान फाटक्या मानेने गोल गोल धावत होता. मग तोही पडला.
मॅडमना सविस्तर समजावीन. हेतू चांगला होता.

बुधवार, १३ मार्च
मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “अरे, तो चंचलच हवा होता. काही मुलांचं चित्त का थाऱ्यावर राहत नाही, हे त्याच्यावरून शोधत होतो. पिढ्यान्‌पिढ्या निवडून तसा तयार केलेला.” गुरुजी तुलनेसाठी होते. उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.
घरी दाजींना सांगितलं, त्यांना शांत नको होता, चंचल हवा होता.
दाजी म्हणाले, “मग तुला कशाला काढलं?”