शाद्लीचे बेडूक आणि ताईचं पाणी

स्फाक्स, २० नोव्हेंबर १९९४

चि. शाद्लीस मन्नूबियाचे अ. आ. आणि सलाम, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. ऑलिव्ह उतरवायचं काम चालू आहे, बोटं काळी झाली आहेत, तेव्हा कागदावर डाग दिसले तर नाक मुरडू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू भांडण अर्ध्यात सोडून ठेवून देतोस.

तुझ्या लतीफचा लियाँहून फोन आला होता. म्हणाला की बाबांनी अंगणातल्या कुंडात बेडूक पाळलेत. मला वाटलं पोरगा आत्याची चेष्टा करतोय. अरे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस तू! लोक बुलबुल पाळतात, कासव पाळतात, तुला नेमके बेडूक सुचले? आमच्या इमामसाहेबांना विचारलं, तर म्हणाले की बेडकाला मारू नये, त्याचं ओरडणं हीच त्याची प्रार्थना. म्हणून गप्प बसले, नाहीतर तुझ्याकडे एक चांगली मांजर पाठवणार होते.

खरं सांगू? खदूजा जाऊन वर्ष होत आलं. बायकोमागे तू एवढ्या मोठ्या घरात एकटा भाकरी मोडत बसतोस, हे मला बघवत नाही. लतीफ म्हणतो घर विकावं आणि तू कायमचं माझ्याकडे यावंस. माझंही तेच म्हणणं. खोली झाडून ठेवली आहे, होकार तेवढा कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मन्नूबिया

---

बिझर्त, ४ डिसेंबर १९९४

माझ्या लल्लास, थोरल्या ताईस, धाकट्या शाद्लीचा स. सलाम, वि. वि.

पत्र पोचलं, डागांसकट. ताई, मातरच्या रस्त्यावरचं तळं तुला आठवत असेल. तिथे कुणाचं तरी गोदाम होतंय, ट्रकने मुरूम टाकून बुजवत होते. मी फिरायला गेलो तर काठाच्या झुडपांत अंगठ्याएवढे हिरवेगार झाडबेडूक, बिचाऱ्यांना जायला जागा नाही. लाल टोपीत भरून घरी आणले. आता ते आपल्या लिंबाच्या झाडावर असतात आणि दुपारभर पानाला चिकटून झोपतात. बोट लावलं तर नुसते डोळे मिटतात, कसला राग नाही की काही नाही.

त्यांच्यासाठी मी रोज जाळी घेऊन मासळीबाजारात जातो. हसूना कोळी सगळ्यांदेखत ओरडतो की लोक मासे न्यायला येतात आणि आमचे पोस्टमास्तर माशा न्यायला. ओरडू दे.

राहता राहिली तुझी खोली. ताई, या घरातून निघालो तर मी संपलो म्हणून समज. पण हट्टात तुझ्याशी आजवर कोण जिंकलंय? म्हणून एक सौदा करू. बेडूक जिथे रुळतात तिथेच गातात आणि अंडी घालतात. यांनी आल्यापासून तोंड उघडलेलं नाही. वसंत संपायच्या आत कुंडात पिल्लं झाली, तर मी इथेच राहणार आणि घर विकायचा विषय कायमचा बंद. नाही झाली, तर बॅग घेऊन तुझ्या दारात उभा राहीन. लतीफलाही कळव.

रागाव, पण लोभ असू दे.

तुझा,
शाद्ली

---

स्फाक्स, १२ फेब्रुवारी १९९५

चि. शाद्लीस अ. आ. आणि रमजानचा सलाम, वि. वि.

सौदा मंजूर. तुझे बेडूक अजून मुके आहेत असं लतीफकडून कळलं, तेव्हा मी तुझ्या खोलीला नवा पडदाही शिवायला घेतला आहे.

रोजे नीट चालले असतील. उपास सोडताना नुसत्या खजुरावर भागवू नकोस, सूप कर. ईद तोंडावर आली. बायको नाही म्हणून घर कळकट, असं तिथल्या बायकांना म्हणायला मिळू नये. भिंतींना चुना मार आणि कुंडालाही आतून दोन हात दे. आई द्यायची, कसं लखलखीत दिसायचं! तुझ्या पाहुण्यांनाही स्वच्छ घर आवडेल.

आठवण ठेव, तब्येत जप.

मन्नूबिया

---

बिझर्त, २२ फेब्रुवारी १९९५

लल्लास शाद्लीचा सलाम, वि. वि.

तुझं ऐकलं आणि हात पोळून घेतले. कुंडाला चुना दिला, वाळल्यावर पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर बेडूक काठावर पाय ताणून पडलेले, कातडी पांढुरकी झालेली. चुन्याचं पाणी कातडीला खातं, हे माझ्यासारख्या माणसाला कळू नये? दोन गेले. बाकीचे खदूजाच्या कणीक मळायच्या परातीत ओल्या फडक्यावर ठेवलेत. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ते त्यांना मानवत नाही. आणि पावसानं तर यंदा पाठच फिरवली आहे.

तुझ्यावर रागावलोय, पण ब्रश माझ्याच हातात होता. ताई, ते नुसते बेडूक नव्हते गं. सकाळी उठल्यावर कुणाची तरी विचारपूस करायची मला पुन्हा सवय लागली होती.

बॅग माळ्यावरून काढली आहे. ईद झाली की येतो. तू जिंकलीस.

तुझा,
शाद्ली

---

स्फाक्स, २७ फेब्रुवारी १९९५

चि. शाद्लीस अ. आ., वि. वि.

बॅग पुन्हा माळ्यावर टाक. असं जिंकणं मला नको. आयुष्यभर तू माझ्या स्वयंपाकघरात तोंड पाडून बसशील, ते मी का सोसू?

उद्याच्या शेअर टॅक्सीनं पाणी पाठवते आहे. माझ्या अंगणातल्या टाकीतलं, गेल्या पावसात गच्चीवरून साठवलेलं. चहासाठी याचा एक तांब्यासुद्धा मी शेजारणीला देत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि यंदासारख्या कोरड्या वर्षात! कुंडाचा चुना खरवडून काढ, व्हिनेगरनं घास, धू, पुन्हा धू, मग माझं पाणी ओत. कमी पडलं तर कळव, आणखी देईन. जगव रे त्यांना.

मन्नूबिया

---

बिझर्त, २ एप्रिल १९९५

माझ्या लाडक्या लल्लास शाद्लीचा शंभर वेळा सलाम, वि. वि.

ताई, पिल्लं झाली!

आता नीट सांगतो. टॅक्सीवाल्यानं डबे उतरवताना बडबड केली. स्फाक्सहून डबे म्हणजे तेल, अशा समजुतीनं त्यानं वाटेत झाकण उघडून हुंगलं होतं. पाणी पाहून त्याला वाटलं, तुझं डोकं फिरलंय. मी त्याला म्हटलं की तसंच काहीसं आहे, पण आमच्या ताईचं डोकं फिरलं की ती असं सोनं वाटते.

तुझं पाणी भरलं आणि आठवडाभर काहीच नाही. मग एका संध्याकाळी मगरिबची नमाज आटपून येतो तर गल्लीतली माणसं माझ्या दाराशी गोळा झालेली. वाटलं, चोरी झाली. आत माझा एक अंगठ्याएवढा बेडूक गळा फुगवून असा काही सुटला होता की मशिदीत अजान देणाऱ्या बांगी साहेबांनीही दाद द्यावी! मग दुसरा, मग सगळेच. हसूना कोळी तर डोळे पुसत होता. आता तोच माशांची पिशवी घरपोच आणतो आणि बाजारात आमचे बेडूक, आमचे बेडूक म्हणून मिरवतो.

नंतर पाण्यातल्या लिंबाच्या फांदीला अंड्यांचे झुबके दिसले, आणि काल त्यातून काळे ठिपके वळवळत बाहेर पडले. मी कुंडाच्या काठावर बसून लहान पोरासारखा टाळ्या पिटत होतो.

सौदा मी जिंकलो. पण येऊन तुझ्या डोळ्यांनी बघ.

लोभ असा वाहता ठेवलास, तो असाच राहू दे.

तुझा,
शाद्ली

---

बिझर्त, १४ मे १९९५

चि. लतीफ यास आत्याचे अ. आ., वि. वि.

पत्ता बघून चमकला असशील. दोन दिवसांसाठी आले होते, नुसतं तपासायला. तुझ्या बापाच्या बोलण्यावर मी कधी डोळे मिटून विश्वास ठेवलेला नाही. दोन दिवसांचे किती झाले ते विचारू नकोस.

सगळं खरं आहे. पिल्लांना पाय फुटलेत, शेपूट अजून गळायची आहे, तशीच ती लिंबावर चढतात. काल एक त्याच्या बाहीवरून चढत थेट कानापर्यंत गेलं आणि तुझा बाप हसला. मोठ्यांदा हसला, खदूजा होती तेव्हा हसायचा तसा. मी स्वयंपाकघरात होते. हातात पळी तशीच धरून रडले.

आज सकाळी तू पाठवलेला दलाल घर बघायला आला होता. मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. हे घर विकायचं नाही, लतीफ. पुन्हा विषय काढायचा असेल तर माझ्यापाशी काढ, त्याच्यापाशी नाही.

मुलांना पापे, सूनबाईला आशीर्वाद. आमच्यावर रागावलास तरी येत जा.

तुझी आत्या,
मन्नूबिया