टोपलीतले अपूर्णांक आणि फोनमधले साहेब

प्रिय पेनिनाताई,

तुला, भाऊजींना आणि ऑकलंडच्या थंडीत हिटरला चिकटून बसलेल्या माझ्या सगळ्या भाचरांना वाओसाचा प्रेमाचा नमस्कार. देवाच्या कृपेने इथे आम्ही धडधाकट आहोत. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात (आणि गुडघ्यांपायी आई). तुझ्या कंबरेचं काय झालं ते कळव.

ताई, मी व्हिडिओ काढला! निरीक्षकसाहेबांचं फर्मान आलं होतं, प्रत्येक शिक्षकाने मुलांना घेऊन पाच मिनिटांचा धडा चित्रित करून पाठवायचा. जो नापास होईल त्याने वर्षभर राजधानीत, आपियाला राहून प्रशिक्षण घ्यायचं. वर्षभर, समुद्रापलीकडे! मग आईला न्हाणीघरापर्यंत हात कोण देणार? मी जिद्दीला पेटले. धडा ठरवला, झावळीची टोपली विणता विणता अपूर्णांक. सहावीच्या वर्गात प्रार्थनेच्या पुस्तकांचा ढीग रचून त्यावर फोन उभा केला, आणि मुलांनी जरा गंभीर व्हावं म्हणून (इथेच माझी अक्कल चरायला गेली) सांगितलं, "फोनमध्ये साहेब बसलेत असं समजा."

समजली की गं! साहेब बसलेले असताना उभं राहून बोलणार कोण? अख्खा वर्ग मांडी घालून खाली बसला आणि फोनमध्ये दिसली नुसती भिंत. मी फोन जमिनीवर आणला. तर पाणी प्यायला जाणारं प्रत्येक पोर फोनसमोरून कमरेत वाकून "माफी असावी, माफी असावी" करत जाऊ लागलं, आणि येतानाही तेच. सिएनीने (वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली पोरगी) अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव हे इतकं सुरेख समजावलं की माझे डोळे भरून आले. तेवढ्यात साहेबांना तहान लागली असेल म्हणून कुणीतरी फोनसमोर शहाळं ठेवलं. पुढे आवाज सिएनीचा आणि तोंड शहाळ्याचं.

एव्हाना साहेब आल्याची बातमी गावभर झाली होती. तुइलोमाकाका (गावाच्या वतीने बोलायचा मान त्यांचा, आणि ते तो पुरेपूर वापरतात) काठी टेकत हजर.

"पाहुणे आले आणि मला पत्ता नाही? गावाची अब्रू वेशीला टांगायची ठरवलीस काय, पोरी?"

"काका, तो नुसता फोन आहे."

"कुणासाठी?"

"साहेबांसाठी."

"मग झालं तर!"

आणि त्यांनी फोनसमोरच्या दाराबाहेर, पटांगणात उभं राहून (साहेबांपुढे उभं राहायची मुभा त्यांना एकट्यालाच) स्वागताचं भाषण सुरू केलं. त्यांना मध्येच थांबवायची माझी काय बिशाद? पाच मिनिटांचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. मला कापाकापी येत नाही, आणि काकांना कापणार कोण? तसाच पाठवला.

दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं, तेही व्हिडिओच! कचेरीत जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात शहाळं ठेवून, त्यांनी काकांच्या स्वागताला चौदा मिनिटं रीतसर उत्तर दिलंय (न देऊन जातील कुठे, तेही इथलेच). सगळ्या गावाने शाळेत बसून ते पाहिलं. काका म्हणाले, "माणूस बरा आहे, पण आपल्या पूर्वजांतली दोन नावं गाळली." आणि शेवटी साहेब म्हणाले की सिएनीचा धडा त्यांनी तीनदा ऐकला. मी पास झाले, ताई! सिएनी आता वर्गात गप्प बसतच नाही, माझ्याच चुका काढते.

आनंदाने वेडी झालेली तुझी,
वाओसा

ता. क. साहेबांचं पत्र मागाहून आलं. पास झाल्याबद्दल मी फेब्रुवारीपासून वर्षभर आपियाला राहून बाकीच्या शिक्षकांना असे व्हिडिओ काढायला शिकवायचं. नापास झाले असते तर शिकायला, आता शिकवायला. आणि ताई, मला जायचंय. फार जायचंय. तू वर्षभर घरी येशील का?

आणखी एक ता. क. आईला मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. आज सकाळी तिने तुझी झोपायची चटई उन्हात घातली, आणि माझी गुंडाळून दाराशी ठेवली.