साच्यांची जोडी कोणाच्या नावे

मी, ईनॉक व्हिटेकर, वय चौसष्ट, धंदा साचेवाला, म्हणजे गिरणीत सूत कातणाऱ्या दोन साच्यांच्या जोडीवरचा मुख्य माणूस, राहणार १७, हॉलिन्स गल्ली, रॉयटन, लँकेशायर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर आणि सकाळपासून चहाखेरीज काहीही न पिता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तशी ग्वाही देता येत नाही, त्याचे कलम पुढे येईल. याआधीचे माझे मृत्युपत्र पत्नी सेरा अॅनच्या नावे होते. ती पाच वर्षांपूर्वी माझ्याआधी गेली, तेव्हा ते रद्द समजावे. दुकानातून आणलेल्या छापील फॉर्मवर जागा पुरली नाही, म्हणून मागे वहीची पाने जोडली आहेत. खरे तर हा सगळा खटाटोप कलम सहासाठी आहे. घाई असेल त्याने आधी तेच वाचावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या चॅपेलच्या रविवारच्या शाळेचे सेक्रेटरी अॅल्बर्ट पिलिंग यांनी करावी. माणूस कंटाळवाणा आहे पण एका पेनीचाही घोळ करायचा नाही.

कलम २. घर माझे नाही, भाड्याचे आहे. तेव्हा घराबद्दल कोणी आशा धरू नये. पलंग, इस्त्री, किटली आणि दोन चांगली ब्लँकेटे शेजारच्या मिसेस ऑग्डेन यांना द्यावीत. सेरा अॅन गेल्यापासून दर गुरुवारी त्यांनी मला बटाट्याचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेले बटाटे, करून दिला आहे. त्यात मीठ नेहमी जास्त असते. हे मी त्यांना कधी सांगितले नाही आणि आताही पिलिंग यांनी हे वाक्य मोठ्याने वाचू नये.

कलम ३. अंत्यविधीचे पैसे मी दर आठवड्याला भरत आलो आहे, ते तयार आहेत. नंतरच्या चहाला हॅम ठेवावे. डब्यातले मांस ठेवले तर लोक वर्षभर बोलतील आणि मला उत्तर देता येणार नाही. परसातला सेलरीच्या भाजीचा वाफा ज्याला हवा त्याने घ्यावा, मात्र माती नोव्हेंबरात चढवावी.

कलम ४. माझे चांदीचे खिशातले घड्याळ दोन नंबरच्या खोलीचे मुकादम बटरवर्थ यांना द्यावे. हे प्रेमापोटी नाही. कायद्याने नाश्त्याची सुट्टी साडेआठपर्यंत असे, पण बटरवर्थ आठ सव्वीसला इंजिन सुरू करवीत. दुपारी तीन मिनिटे, संध्याकाळी कधी दोन, कधी पाच. सरकारी तपासनीस रस्त्याच्या टोकाला दिसला की फाटकावरचा माणूस शिटी घालायचा आणि त्या दिवशी गिरणीचे घड्याळ देवाच्या घड्याळाबरोबर चालायचे. तेवीस वर्षे मी हे खिशातले घड्याळ बाहेर काढून त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आहे. बोललो एकदाच. तेव्हा ते म्हणाले, "घड्याळ विकून टाक ईनॉक, बरं वाटेल तुला." विकले नाही. आता फुकट घ्यावे आणि वेळ बघायला शिकावे.

कलम ५. माझ्याकडे आमच्याच गिरणीचे दोनशे शेअर आहेत. जर्मनांशी लढाई संपल्यावर सुताला सोन्याचा भाव आला, तेव्हा आमच्या गावात शेअर न घेतलेला माणूस सापडत नव्हता. न्हावी, धोबीण, चॅपेलमधला ऑर्गन वाजवणारा, सगळे गिरणीमालक झाले. मी सेहेचाळीस वर्षांची कमाई घातली. शेअरची निम्मी किंमतच आधी भरायची होती, उरलेली गिरणी मागेल तेव्हा. भाव पडले आणि गिरणी मागू लागली. ज्या गिरणीत मी आठवडाआड बेकार बसत होतो, तिलाच मी माझ्या पगारातून पैसे भरत होतो. अजून एक हप्ता यायचा आहे. हे शेअर जो घेईल त्याच्या गळ्यात तो हप्ता पडेल, म्हणून मी ते कोणालाही देत नाही. त्यांचे काय करायचे हे पिलिंग यांनी वकिलाला विचारावे. मला सुचत नाही.

कलम ६. साच्यांची जोडी.

ही जोडी मला देता येत नाही हे मला ठाऊक आहे. ती गिरणीची आहे. तरी लिहितो, कारण माझ्याजवळ देण्यासारखे खरे तेवढेच होते.

साच्याची गाडी पाच फूट पुढे येते, धागा ओढते, पीळ देते, मागे जाते. आम्ही तेलकट फरशीवर अनवाणी तिच्या मागे. तुटलेला धागा वाकून सांधायचा, तेही गाडी चालू असताना. धागे सांधणारे दोघे, धाकटा पीसर आणि थोरला पीसर. गिरणी पैसे देते ते साचेवाल्याला, सुताच्या वजनावर. दोन्ही पीसरांचा पगार साचेवाल्याने स्वतःच्या हाताने द्यायचा, दर शुक्रवारी. गिरणीने माझ्याकडून जितके पिळून घेतले तितके मी त्यांच्याकडून घेणार, अशी ही सोय आहे.

जेबेझ क्लेग अकराव्या वर्षी माझ्याकडे अर्धवेळ आला. एक आठवडा सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलटे. आठवड्याचे अडीच शिलिंग. दुपारच्या शाळेत तो बाकावर झोपायचा आणि मास्तर त्याला झोपू द्यायचे. तेराव्या वर्षी पूर्ण वेळ, आठवड्याला साडेछप्पन तास. अठराव्या वर्षी थोरला पीसर. इथे जिना संपतो. पुढची पायरी म्हणजे साच्यांची जोडी, आणि ती वय वाढले म्हणून मिळत नाही. जोडीवरचा माणूस काम सोडून उठला किंवा मेला तर खोलीतल्या सर्वांत जुन्या पीसरला मिळते. तोवर अठराव्या वर्षीचे काम आणि अठराव्या वर्षीचा दर. त्याला मिशा आल्या, लग्न झाले, लढाईवर तीन वर्षे जाऊन आला, तीन पोरे झाली. फ्लँडर्सच्या आघाडीवर त्याच्या हाताखाली बारा माणसे होती. परत आला तो माझ्या धाकट्या पीसरच्या शेजारी उभा राहिला, पूर्वीच्याच जागी. त्याची बायको एडिथ कापूस पिंजायच्या खोलीत काम करते आणि तिचा पगार त्याच्याहून जरा जास्तच भरतो. दारूच्या गुत्त्यात लोक त्याला एडिथचा नवरा म्हणतात. मीही हसलो आहे.

साठ पूर्ण झाले की मी उठेन, असे मी त्याला सांगितले होते. सेरा अॅन तेव्हा जिवंत होती, तिच्यासमोर सांगितले होते. तेव्हा आमच्या खोलीतला सर्वांत जुना पीसर तोच होता. मी साठ वर्षांचा झालो आणि म्हणालो, वेक्सच्या, म्हणजे गिरण्यांच्या वार्षिक सुट्टीनंतर. सुट्टीचा आठवडा आला, सगळे गाव ब्लॅकपूलला जाऊन आले, आणि मी सोमवारी सकाळी जोडीवर हजर. पुढच्या वर्षी म्हणालो, शेअरचा हप्ता फिटला की. तिसऱ्या वर्षी काही म्हणालोच नाही, आणि त्यानेही विचारले नाही.

हप्त्याचे कारण खोटे नव्हते. पण कागद शेवटचा आहे म्हणून लिहितो, तेवढेच कारण नव्हते. रॉयटनमध्ये जोडीवरचा माणूस रस्त्याने चालला की पोरे बाजूला होतात. जोडी सोडलेला म्हातारा बाकावर बसतो आणि त्याला कोणी विचारत नाही. मला बाकावर बसायचे नव्हते. त्यासाठी मी एका माणसाची चार वर्षे घेतली.

बटरवर्थने माझी चार मिनिटे चोरली हे वर लिहिले आहे. मी काय केले तेही लिहितो. साचा बंद असताना साफ केला तर सूत कमी निघत नाही, म्हणून नाश्त्याच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटे मी जेबेझला साच्याखाली घालत असे. तो एका हाताने पाव खायचा, दुसऱ्या हाताने कापसाची धूळ ओढायचा. हे कायद्यात बसत नाही. तो लहान असताना केले आणि मोठा झाल्यावरही केले. ती मिनिटे मी कधी मोजली नाहीत, माझे घड्याळ फक्त बटरवर्थसाठी होते.

गेल्या ऑगस्टात गिरणीने दोन नंबरची खोली बंद केली. साचे भंगारात गेले. माझ्या जोडीवर लोखंड कापणारे दोन परके लोक आले तेव्हा मी आणि जेबेझ दाराशी उभे होतो. आता तिथे नवी यंत्रे येणार आणि त्यांवर मुली काम करणार, म्हणजे स्वस्त पडते. साठाव्या वर्षी मी उठलो असतो तर जेबेझ चार वर्षे साचेवाला राहिला असता. कामगार संघटनेत त्याचे नाव साचेवाल्यांत लागले असते, आणि त्या नावावर दुसऱ्या गिरणीत जोडी मिळते. पीसर म्हणून गेलेल्या माणसाला दुसरी गिरणी पीसरच ठेवते, तेही त्यांच्या पीसरांच्या रांगेत सर्वांत शेवटी. संघटनेच्या कचेरीत मी तीनदा गेलो. तिथला सेक्रेटरी भला माणूस आहे. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "ईनॉक, नियम तुमच्याच पिढीने केलेत हो." खरे आहे. मी हात वर केला होता.

तेव्हा माझ्या साच्यांची जोडी, जी नाही, मी जेबेझ क्लेग याला देतो.

कलम ७. माझा ब्रश, तेलाची बुधली, पान्यांचा संच आणि एक सल्ला हेही जेबेझला. सल्ला असा, की त्याने दर रविवारी आंघोळीच्या वेळी स्वतःला कमरेखाली नीट तपासावे. गाडीच्या दांड्यावर वाकून वाकून आमच्या विजारी पन्नास वर्षे तेलात भिजल्या आहेत. मला ज्या जागी गाठ आली ती जागा चारचौघांत नाव घेण्यासारखी नाही, म्हणून मी वर्षभर कोणाला दाखवली नाही. डॉक्टरलाही नाही. मी पाय फाकून चालतो हे पहिल्यांदा जेबेझच्या लक्षात आले. "मला नको दाखवू, पण कुणाला तरी दाखवा," असे तो म्हणाला होता, तू आणि तुम्हीचा गोंधळ करून, कारण तो घाबरला होता. मी त्याला कामाकडे लक्ष दे म्हणून सांगितले. येत्या मंगळवारी मँचेस्टरला माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर तरुण आहे आणि नजरेला नजर देत नाही.

कलम ८. को-ऑपमध्ये, म्हणजे सहकारी दुकानाच्या बचतखात्यात, माझ्या नावे असलेली सर्व शिल्लक, अंदाजे ब्याण्णव पौंड, जेबेझ क्लेग याला द्यावी. ही भरपाई नाही. भरपाई होत नाही हे मला कळते. दुसरे काही हातात नाही म्हणून हे.

कलम ९. यातून जे उरेल, किंवा वरचे जे कोणाला पोचणार नाही, ते बहिणीचा मुलगा विल्फ्रेड याला. तो नाताळात येतो, टोपी हातातच ठेवतो आणि दर खेपेला माझी तब्येत छान दिसते म्हणतो.

इथपर्यंत मी काल लिहून संपवले होते. पुढचे आज, शनिवारी दुपारी, पिलिंग आणि जेबेझ दोघेही टेबलाशी बसलेले असताना लिहीत आहे. जेबेझला मी मुद्दाम बोलावले होते. कलम सहा त्याने माझ्या तोंडून ऐकावे अशी इच्छा होती. मी सगळे कलमवार वाचले. तो खिडकीबाहेर बघत होता. वाचून झाल्यावर मिसेस ऑग्डेन यांना दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीला हाक मारावी म्हणून मी उठू लागलो, तेव्हा पिलिंग यांनी फॉर्मच्या मागचा मजकूर दाखवला. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले बाद होते. मिसेस ऑग्डेन यांना पलंग आहे, त्यांची सही चालणार नाही. पिलिंग म्हणाले, समोरच्या घरी बघून येतो.

जेबेझ म्हणाला, "कशाला जाता. मी करतो सही."

पिलिंग यांनी त्याला सगळे पुन्हा समजावून सांगितले, सावकाश, रविवारच्या शाळेत सांगतात तसे. ब्याण्णव पौंड जातील. ब्रशसुद्धा जाईल. सगळे विल्फ्रेडला. जेबेझने ऐकून घेतले आणि दौत स्वतःकडे ओढली.

मी म्हणालो, घरी जाऊन एडिथला विचार तरी. तीन पोरे आहेत.

तो म्हणाला, "एडिथला सांगीन मी. ती शिव्या घालेल, त्या ऐकीन. पण तीस वर्षं दर शुक्रवारी तुमच्या हातून घेतलंय ईनॉक. हात पुढे करायचा आणि उभं राहायचं. आता नाही करत."

मग म्हणाला, "सल्ला घेतो. तो राहू दे."

पिलिंग यांनी मला हळूच सांगितले, सोमवारी दुसरा कागद करू, दुसरे साक्षीदार बघू. ते जेबेझला ऐकू गेले. तो म्हणाला की दुसरा केलात तर त्यावरही सही करायला येईन. तो चेष्टा करत नव्हता. आणि माझ्यात आता एवढे पुन्हा लिहून काढण्याची ताकद नाही, आणि त्याने नको म्हटलेले त्याच्यावर लादण्याचा मला कोणता हक्क उरला आहे तेही कळत नाही. तीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नकार दिला. मला वाईट वाटले आणि तो बरोबर आहे असेही वाटले. मी सही करतो आहे.

(सही) ईनॉक व्हिटेकर
रॉयटन, शनिवार, दिनांक २२ ऑक्टोबर १९२७

वरील सही ईनॉक व्हिटेकर यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली, आणि आम्ही दोघांनी त्यांच्या व एकमेकांच्या समोर खाली सह्या केल्या आहेत.

साक्षीदार:

(सही) अॅल्बर्ट पिलिंग, वय ५२, धंदा: को-ऑप दुकानात कारकून

(सही) जेबेझ क्लेग, वय ४१, धंदा: पीसर