महिनाभर जुनी ऐतिहासिक भिंत

ती. अक्का यांस,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. डॉक्टरांनी जिना बंद केला आहे हे मला माहीत आहे आणि तुम्ही ते ऐकत नाही हेही माहीत आहे, कारण तुमच्या बहिणीने ते मला फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. तेव्हा नुसतं ‘बरा आहे’ असं न लिहिता खरं काय ते लिहावं. माझी तब्येत ठीक. जेवतो, झोप लागते. (तुम्ही विचारणारच, म्हणून दोन्ही आधीच लिहून टाकलं.)

तुमचं पत्र मिळालं. तिने पाठवलेली सगळी पानं ओळीने लावून तुम्ही आता वही बांधायला देणार, आणि जो किल्ला बघायचा राहून गेला त्याचं पान कोरंच ठेवणार, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यावर माझी एवढीच विनंती, की बाइंडरला आठवडाभर थांबवावं. ते पान मी केलं आहे आणि या पत्रासोबत पाठवत आहे. वहीत लावायचं की नाही ते तुम्ही ठरवावं, कारण वही तुमची. तुम्हाला चढवत नाही म्हणून ती तुमच्या वाट्याचं चढायची आणि जे दिसलं ते कागदावर चिकटवून तुम्हाला पाठवायची, हा तुम्हा दोघींचा व्यवहार. त्यात माझं काम पिशवी धरण्याचं. पण पान असं का झालं हे सांगितल्याशिवाय ते तुमच्या हातात पडलं, तर माझं डोकं ठिकाणावर नाही असं तुम्हाला वाटेल.

किल्ल्याला जायचं तिने ठरवलं होतं. मग दवाखान्याचे दिवस सुरू झाले आणि किल्ला मागे पडला. गेल्या रविवारी मी एकटाच गेलो. अडचण अशी, की इतक्या वर्षांत इतक्या जुन्या जागा पाहिल्या, पण एकीचीही वाट मला ठाऊक नाही. ती पुढे चालायची, मी मागे. सगळी नोकरी पंपहाउसात झाल्यामुळे माझी नजर मुळातच खाली, गळती कुठे आहे ते बघणारी. त्यात पुढे तिच्या चपला दिसत असल्या की मान वर करायची गरजच पडत नसे. चपला थांबल्या की मी थांबायचो. म्हणजे काहीतरी ऐतिहासिक आलं. चपला चालू लागल्या की तो इतिहास संपला. या पद्धतीने मी बरंच काही पाहिलं आहे.

तर किल्ल्याच्या पायथ्याशी उतरलो, आणि पुढे एक बाई चढत होती. साध्या चपला, चाल बेताची. मी काहीही न ठरवता तिच्या मागे चालू लागलो. बराच वेळ सगळं ठीक वाटत होतं. (खरं सांगायचं तर फारच ठीक वाटत होतं.) मग पायऱ्या संपल्या, झुडपं आली, वाळूचा ढीग आला, आणि चपला थांबल्या म्हणून मीही थांबलो.

“काय हो काका, मघापासून माझ्या मागे मागे! कुठवर येणार?”

मी म्हटलं, किल्ला बघायचा आहे.

“किल्ल्याचा दरवाजा खालीच राहिला की. मी नवऱ्याला डबा द्यायला चाललेय. आता डबा बघायचा असला तर चला.”

मला खूप लाज वाटली. पण तेवढ्यात समोर भिंत दिसली, आणि अक्का, ती भिंत खरोखर चांगली होती. दगड एकावर एक नेमके बसलेले, मधला चुना पांढराशुभ्र, आणि पावसाचं पाणी जायला खाली ओळीने भोकं ठेवलेली. अशा वेळी तुमची बहीण भिंतीला हात लावायची, म्हणून मीही लावला. फोटो काढले. पानावर लावायला चुन्याचा एक खपला नखाने काढून कागदात बांधून घेतला. बाईचा नवरा गवंडी होता. तो बाजूला सावलीत जेवायला बसला होता आणि माझ्याकडे बघत सावकाश घास चावत होता. मी दुसरा खपला काढायला लागलो तेव्हा तो म्हणाला, “काका, जरा जपून. ओली आहे अजून.”

मला कळेना. एवढ्या जुन्या भिंतीला ओल कशाने? माझा हात तर लगेच पाइप शोधायला लागला.

“जुनी कुठली? जुनी पडली ना, तिच्या जागी ही बांधली आम्ही. महिना झाला. रोज पाणी मारतोय.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं?” बायको त्याच्यावर खेकसली. “त्यांनी फोटो काढले, हात जोडायचेच काय ते बाकी होते!”

“मला वाटलं, काकांना आवडली. माझ्या भिंतीचा फोटो काढतंय कोण? आपण कशाला मोडता घाला!” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही असं करा काका, दोनशे वर्षांनी या. तेव्हा बघा कशी दिसते ती.”

मी म्हटलं, तेवढं जमणार नाही. आणि मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे घशातून आवाज भलताच निघाला, आणि ठसका लागला असं समजून त्या बाईने घाईघाईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यायलो. “काकूंना नाही आणलंत?” तिने विचारलं. मी म्हटलं, या वेळी नाही. हे उत्तर बरोबर नाही हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

खरा जुना भाग बघता आला नाही. दरवाजा दुरुस्तीसाठी बंद होता आणि उरलेली तटबंदी ताडपत्रीखाली. म्हणजे तुमच्या वहीसाठी मी जे आणलं ते एवढंच: महिनाभर जुनी भिंत, आणि तिचा खपला.

आता पानाविषयी. जाड कागद आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “नातवाच्या शाळेचं काम का?” मी हो म्हणून मोकळा झालो, कारण खरं सांगायला फार वेळ लागला असता. त्यामुळे त्याने हसऱ्या अग्निबाणांची चित्रं फुकट दिली. ती डिंक वापरायची नाही, घरी मैद्याची खळ करायची, म्हणून मीही केली. पहिली करपली. दुसरी इतकी घट्ट झाली की गवंड्याला उपयोगी पडली असती. पान वाळत ठेवून त्यावर पाट आणि पाटावर इस्त्री ठेवली, तर पान खालच्या वर्तमानपत्राला चिकटलं. मागच्या बाजूला जो हवामानाचा अंदाज दिसेल त्याचा किल्ल्याशी संबंध नाही.

फोटोखाली चार ओळी लिहायच्या असतात. ती लिहायला बसली की मला आतल्या खोलीतून विचारायची, “अहो, दरवाजाला भव्य म्हणू का?” मी वर्तमानपत्रातून म्हणायचो, “म्हण.” मग ती लिहायची. असं प्रत्येक पानाला. मी भिंतीला भव्य म्हणायचं ठरवलं. शब्द लिहिला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण पुढे काय करायचं असतं ते मला कळेना. शेवटी तो शब्द खोडला. आता तिथे ‘भिंत. नवी. काम चांगलं आहे. पाणी जायची सोय केली आहे’ एवढंच आहे. या चार ओळी होतात.

गुडघ्याला जपावं.

तुमचा,
पिशवीवाला
(हे नाव तुम्हीच ठेवलंत. मला त्याचा कधी राग आला नाही, हे इतक्या वर्षांनी कळवतो.)

ता. क. कोपऱ्यात एक अग्निबाण आहे. तिथे खळीचा डाग पडला होता. काढू नये, खाली त्याहून वाईट आहे.

ता. क. २. लिहायचं होतं ते राहिलंच. ती पान पुरं होईतो मला दाखवायची नाही, आणि पुरं झालं की लगेच पाकिटात घालून चिकटवायची. पाकीट पोस्टात मी टाकायचो. म्हणजे सगळी पानं माझ्या हातून गेली, पण आत काय आहे ते मी एकदाही पाहिलेलं नाही. वही बांधायला देण्याआधी मला ती वाचायची आहेत. इकडे आणणार नाही. तुमच्याकडेच बसून वाचीन, हात धुऊन. माझं पान नाही लावलंत तरी चालेल.

ता. क. ३. तुम्हाला सोयीचं नसेल तर निःसंकोच नाही म्हणावं. फक्त शनिवार दुपारच्या आत कळवावं, कारण त्यानंतर मी तुमच्या दारात उभा असेन.