रुजू झाल्याची तारीख

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. चेहरा लगेच येतो, नखांच्या कडांना बसलेली काळी शाई लगेच दिसते, आवाज मात्र उशिरा येतो. आणि आला की बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतो, "हे माहे लोक हायेत, नोकर नाईत." विक्रीकर ऑफिसातून आलेल्या माणसाला तुम्ही ते ऐकवलं होतं आणि मी मधल्या दारात उभी होते. त्या दिवसापासून पुढे जे घडत गेलं त्याबद्दल आपण दोघं कधीच नीट बोललो नाही. तुम्हाला त्यातलं अर्धंच माहीत होतं.

वर्ध्याच्या आपल्या घराचा पुढचा भाग म्हणजे छापखाना आणि मागचा भाग म्हणजे आईचा स्वयंपाक. मधल्या दाराची चौकट येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी खांद्याच्या उंचीपर्यंत काळी झाली होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जिनिंगवाल्यांच्या चिठ्ठ्या, काय येईल ते तुम्ही छापत होता. ट्रेडल मशीनवर एकजण, बाइंडिंगला एकजण आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला दोघं. त्या दोन जुळाऱ्यांतले थोरले, ज्यांना मी काका म्हणायचे, आंजीहून सायकलने यायचे. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी चार वर्षांची होते, असं आई सांगायची. शिशाची उलटी अक्षरं त्यांनीच मला ओळखायला शिकवली, त्यामुळे शाळेत जाण्याआधी मला 'क' उलटा वाचता येत होता आणि सुलटा 'क' चुकीचा वाटायचा. अकरा वाजले की चौघंही आत येऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसत, आई पितळी पातेल्यातून चहा ओतत असे. हंगामात काका आंजीहून तुरीच्या शेंगा आणत आणि आई त्या मीठ घालून उकडत असे. ते तुम्हाला दादा म्हणत, तुम्ही त्यांना भाऊ म्हणत होता. शनिवारी तुम्ही सदऱ्याच्या खिशातून पगार काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवत होता. सही नाही, रजिस्टर नाही. आपल्याकडे रजिस्टर नाही याचा तुम्हाला अभिमान होता.

तो ऑफिसचा माणूस आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात आला. किरकोळ अंगाचा, खांद्याला कापडी पिशवी. तो दारातूनच माणसं मोजत होता हे मला दिसत होतं. तुम्ही तुमचं ते वाक्य ऐकवलं तेव्हा तो हसला नाही की चिडलाही नाही.

"पगार देता ना त्यांना?"

"देतो तं. येळेवर देतो."

"मग मालक म्हणून नोंदणी करावी लागेल. व्यवसाय कराचा कायदा लागू होऊन दोन-तीन वर्षं झाली. ठरलेल्या रकमेच्या वर ज्याचा पगार आहे त्याच्या पगारातून कर कापायचा आणि सरकारात भरायचा. तुमचा स्वतःचा वेगळा."

त्याने फॉर्म पानं जुळवायच्या दगडी फरशीवर ठेवला आणि तो गेला. तुम्ही तो उचलून शाईच्या डब्याखाली सारला. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. जेवताना मी म्हटलं, "बाबा, हा कायदाच आहे, भरावा लागेल." तुम्ही घास खाली ठेवलात. "तू मले कायदा शिकवून राह्यली काय? तू बोबडी बोलत होती तवापासून तो मानूस माह्याजवळ हाये. त्याच्या पगारातून मी सरकारसाठी कापू? काऊन कापू?" आईने तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंधरवड्याने पोस्टाने नोटीस आली तेव्हा तुम्ही तो फॉर्म डब्याखालून काढला, त्यावर गोल डाग पडला होता. माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "जाऊन ये. काय म्हनतात ते पाह्य."

ऑफिसात मी एकटी गेले. खिडकीपाशी एक वयस्क कारकून होते, त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि रकाना-रकाना समजावून सांगितला. धंद्याचं नाव, पत्ता, कामावर किती माणसं, आणि सोबत त्या माणसांची यादी जोडायची. नाव, काम, पगार, रुजू झाल्याची तारीख, सही. मी विचारलं, ज्यांची तारीखच कुठे लिहिलेली नाही त्यांचं काय करायचं? ते म्हणाले, "खरी आहे ती टाका, बेटा. कायदा आला तेव्हापासूनचा कर भरावा लागेल, थोडा दंडही बसेल. साहेबांकडे अर्ज करा, टप्प्याटप्प्यानं भरू देतात. पण खोटी तारीख टाकू नका. पुढे त्या माणसाला तीच तारीख चिकटते." अगदी याच शब्दांत म्हणाले. मी त्यांचे आभार मानले आणि चालत निघाले.

बाबा, पुढचं तुम्हाला माहीत नाही. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. नागपूरची माणसं, मुलगा बँकेत. दंड, अर्ज, साहेब, हप्ते, आणि या सगळ्यात पुढे ढकललं जाणारं लग्न, असं काहीतरी माझ्या डोक्यात घर येईपर्यंत वाढत गेलं. तुम्ही दारातच उभे होतात. मी तुम्हाला म्हटलं, "ऑफिसात म्हणाले, यंदाचीच तारीख टाका, सगळ्यांची. मागचं कोणी पाहत नाही."

"तो सोता म्हनला असं?"

"हो."

"मंग ठीक हाये. सरकारी मानूसच म्हनते तं."

त्या दिवशी तुम्ही आणखी काही विचारलं नाही. मी शिकलेली होते, म्हणून.

यादी मी माझ्या अक्षरात लिहिली. तिघांनी न वाचताच सह्या केल्या. काकांनी मात्र चष्मा लावला. आयुष्य उलटी अक्षरं वाचण्यात गेलेला माणूस सुलटं जरा हळू वाचतो. त्यांचं बोट ओळीवरून सरकत तारखेच्या रकान्यापाशी थांबलं.

"दादा, मी यंदाच्या चैतात आलो काय?"

"कागदावर तसं लिहा लागते, भाऊ. ऑफिसातच सांगतलं त्यायनं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बाईनं लिवलं तं बरोबरच असन," असं म्हणून त्यांनी सही केली. सतरा वर्षं झाली होती त्यांना. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं, ते लावायचंच असतं म्हणून तुम्ही काचेत बसवून भिंतीवर टांगलं, नेमकं त्यांच्या खिळ्यांच्या खणांच्या केससमोरच्या भिंतीवर, कारण तिथेच खिळा होता. त्या आठवड्यापासून ते तुम्हाला मालक म्हणू लागले. आधी तुम्ही हसलात. मग एक दिवस चिडून म्हणालात, "मालक काऊन म्हनतं गा मले?" ते खिळे उचलता उचलताच म्हणाले, "कागदावर तसंच हाये ना." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं असं मला आता वाटतं.

तीन वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. काकांच्या भावाभावांत वाटणी झाली होती आणि त्यांच्या वाट्याला खडकाळ तुकडा आला होता. नागपुरात एका मोठ्या छापखान्यात कायमच्या जागा निघाल्या होत्या, म्हातारपणी पेन्शन मिळेल अशा. वयाची अट होती, पण दहा वर्षांहून जास्त अनुभव असला तर सूट होती. ते मधल्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. "मालक, वीस वर्षाचा कागद पाह्यजे. तेवढा देजा." तुम्ही लगेच लेटरहेड काढलंत आणि 'गेली वीस वर्षे' असं लिहिलंतसुद्धा. मग तुमची नजर भिंतीवरच्या त्या काचेकडे गेली आणि पेन थांबलं. तुम्ही मला हाक मारली. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं.

"तू सांग. ते लोक ऑफिसात पडताळतीन. एक कागद तीन वर्ष म्हनते अन् एक वीस म्हनते, तं काय होईन?"

मी तेव्हा सांगू शकत होते, बाबा. ऑफिसने खरीच तारीख टाकायला सांगितली होती, मी खोटं बोलले, अजूनही जाऊन दुरुस्तीचा अर्ज करता येईल. ते कारकून तेव्हा तिथेच होते, त्यांनी नक्की मदत केली असती. मी म्हटलं, "धोका आहे, बाबा. फसवणूक म्हणतील."

तुम्ही तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर तीन वर्षं लिहिलीत. काकांनी तो हळूहळू वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "बरं हाये, मालक." तरीही ते नागपूरला गेले, एवढंच मला समजलं नाही, का गेले ते. तिथल्या टेबलामागच्या माणसाने कागद पाहून विचारलं म्हणे, एवढ्या वयात तीनच वर्षं झाली का शिकून? मागे रांगेतले हसले, जागाही मिळाली नाही. हे त्यांनी बाइंडिंगवाल्याला सांगितलं, त्याने आईला, आईने मला. तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर ते आले नाहीत. भांडण नाही, निरोप नाही. तुम्ही महिनाभर वाट पाहिलीत आणि मग एसटीने आंजीला गेलात. परत आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात त्यांच्याच जागी भिंतीला टेकून बसलात. आईने विचारलं, काय म्हणाले? "खाटेवर बसवलं. च्या देल्ला. तुरीवर अळी पडली म्हने." आणि मग, "दुसरं काईच बोलला नाई." त्यांना धाप लागत होती हेही तुम्ही सांगितलं, पण ते खूप दिवसांनी. ते गेल्याचं आपल्याला तेरवी झाल्यावर कळलं. त्या दिवशी दुपारभर तुम्ही त्यांच्या केससमोर बसून इकडेतिकडे झालेले खिळे आपापल्या खणात टाकत होता, असं आईने पत्रात लिहिलं होतं. मी ते पत्र एकदाच वाचलं.

पुढचं सगळं घसरणीचंच. ऑफसेट आलं, पत्रिकांची कामं गेली, दुसरा जुळारी हिंगणघाटला गेला, मग आई वारली. तुम्ही खिळे भंगारवाल्याला वजनाने दिलेत. नोंदणी रद्द करून घ्यायलाही तुम्ही मलाच बोलावलंत. आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी होते, तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "तारीख त्यायनंच सांगतली होती नं वं बाई?" मी हो म्हटलं. तुम्ही डोळे मिटले. तेवढी एकच वेळ उरली होती आणि तीही मी तशीच जाऊ दिली.

तुमचं सगळं आटोपल्यावर मी घर आवरत होते तेव्हा काकांची बायको आंजीहून आली. पायरीवरच बसली. "बाई, यायच्या कामाचा येखादा कागद हाये का? कामगाराच्या बायकोले कायतरी भेटते म्हनतात." तुमच्या पेटीत तो कागद होता, माझ्याच अक्षरातली त्या यादीची प्रत. ती घेऊन मी ऑफिसात गेले. ते जुने कारकून निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण माणूस होता, त्याने फाइल उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. "मालक वारले, छापखाना बंद, नोंदणी रद्द. आता तारीख कोणाची दुरुस्त करायची, मॅडम?" मी निघाले तेव्हा त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल तर तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. इतकी वर्षं काम केलं, यादी मीच लिहिली, तारीख चुकीची आहे, असं लिहा. चालेल न चालेल. पण तिच्या हातात एक कागद तरी होईल."

मी कचेरीबाहेरून स्टँप पेपर घेतला. घरी येऊन तो समोर ठेवला. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' एवढं लिहिलं. ती बाई दोन दिवसांनी पुन्हा आली, मी तिला म्हटलं, "पुढच्या आठवड्यात तयार ठेवते, येजा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी नागपूरला आले.

तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून मी ते लिहिलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मेलेल्या माणसाने सरकारला खोटं सांगितलं असं त्याच्या मुलीनेच का लिहून द्यावं, वगैरे. ते खरं नाही, बाबा. तुमचं नाव मध्ये घालणं मला सोयीचं होतं. मला फक्त त्या कागदाखाली माझी सही नको होती. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच यात एवढं लिहिता आलं. ती बाई पुढच्या आठवड्यात आली असेल का आणि कुलूप पाहून किती वेळ पायरीवर बसली असेल, हे शेजारी एका पोस्टकार्डाने कळवू शकले असते. मी ते विचारलं नाही.